सतरा नंबरच्या लाईनवर तिसरा कान

आमच्या गावात फोनना नंबर होते, पण ते पाठ फक्त मला होते. हँडल फिरवून लोक सांगत, "बाई, डॉक्टरांना लावा," "बाई, आमच्या सोसायटीत बघा मालक बसल्यात का," नाहीतर नुसतंच, "बाई, घरी लावा." कोणाच्या घरी ते मी आवाजावरून ओळखायचं. सासष्ट फोन होते सगळे मिळून. सासष्ट आवाज ओळखणं हे काही फार मोठं काम नाही. शाळेतल्या बाईंना याहून जास्त मुलं ओळखावी लागतात.

गाव माण तालुक्यातलं. नाव सांगत नाही. नोकरीला लागताना गुप्ततेच्या कागदावर सही केली होती आणि ती पेन्शनीत निघाल्यावर रद्द होते असं त्यात कुठे लिहिलेलं नव्हतं. साल एक्क्याण्णव-ब्याण्णवच्या आसपासचं धरा. सांगली, साताऱ्याला लोक घरबसल्या बोटाने दिल्ली फिरवत होते आणि आमच्याकडे अजून मी दोऱ्या खुपसत होते. माझं सासर मिरजेचं, सतारी-तंबोरे बनवणाऱ्यांचं. नवरा आणि पाच वर्षांची लेक तिकडे, मी इकडे एका खोलीत. बदलीचा अर्ज केला होता. तो वर कुठेतरी कोणाच्या तरी टेबलावर पडून होता, आणि त्या टेबलावरच्या माणसाला दुखवायचं नाही एवढं व्यवहारज्ञान माझ्यापाशी होतं.

नव्या पिढीला हे काम कसं चालायचं ते सांगायला हवं. समोर एक लाकडी बोर्ड. प्रत्येक फोनमागे एक भोक आणि त्यावर नखाएवढी पत्र्याची झडप. पलीकडून हँडल फिरलं की झडप खाली पडायची. मी दोरी खुपसायची, पुढची चावी ढकलायची आणि बोलायचं. ज्याच्याशी बोलायचं त्याच्या भोकात दुसरी दोरी. जोडून झालं की चावी मागे घ्यायची. चावी मागे म्हणजे माझा कान बंद. नियमाप्रमाणे कान उघडायचा तो दोनच कारणांसाठी: फोन लागला का ते बघायला आणि संपला का ते बघायला.

आता खरं सांगते. मी ऐकलं आहे. प्रत्येक ऑपरेटरने ऐकलेलं असतं, आणि जी नाही म्हणेल ती या कामात नवी असेल किंवा खोटं बोलत असेल. पण आमच्या बोर्डाची एक खोड होती. मी चावी उघडली की बोलणाऱ्यांचा आवाज एकदम बारीक व्हायचा. तंबोऱ्याच्या तारेला बोट लागलं की होतो तसा. त्यामुळे माझी चोरी लपत नसे. सगळ्या गावाला ठाऊक होतं: आवाज बारीक झाला म्हणजे बाई आल्या. भांडणाऱ्या दोन भावांपैकी एक मध्येच थांबून म्हणायचा, "बाई, आता तुमीच सांगा, माजं काय चुकलं?" मी म्हणायची, "मी ऐकत नाहीये." यावर दोघंही हसायचे आणि कधीकधी भांडण तिथेच मिटायचं.

वरच्या आळीतल्या एका आजींचा मुलगा मुंबईला गोदीत होता. महिन्यातून एकदा त्याचा फोन यायचा. आजींना फोनमधलं धड कळायचं नाही. त्या दटावून सांगायच्या, "पोरी, कान काढू नगस. तू बी ऐक आन् मला मागनं सांग." मग मी त्यांना सगळं सावकाश सांगायची. तो म्हणायचा, पुढच्या महिन्यात येतो. आजी मला विचारायच्या, "आवाजावरनं काय वाटतं, येईल का गं?" आवाजावरून मला कळायचं की येणार नाही. मी म्हणायची, येईल. नियमबाह्य वागण्याच्या माझ्या यादीत हे मी धरत नाही.

सांगायचा मुद्दा, गावाने माझा कान मान्य केला होता. बाईंना कळलं तरी बाई बोलणार नाहीत, हा भरवसा सहा वर्षांत जमला होता. मला त्याचा अभिमान होता. पुढे जे झालं ते त्या भरवशामुळेच.

सतरा नंबर गुरुजींचा. निवृत्त शिक्षक. चार पानांचं साप्ताहिक काढायचे. लिहायचे स्वतः, मुद्रितं तपासायचे स्वतः आणि अंकाच्या घड्या घालायच्या त्यांच्या पत्नी, आमच्या काकू. एरवी त्यात कीर्तनाच्या बातम्या आणि दहावीचे निकाल असायचे. त्या वर्षी पाऊस नव्हता. वस्त्यांवर सरकारी टँकर सुरू झाले. आणि गुरुजींच्या अंकात दर आठवड्याला येऊ लागलं की अमक्या वारी अमक्या वस्तीचा टँकर वस्तीवर गेलाच नाही, तो एका पुढाऱ्याच्या डाळिंबाच्या बागेत रिकामा झाला. वार, वेळ, बागेचं फाटक, सगळं बिनचूक. लोक अंक वाचून दाखवायला एकमेकांच्या दारात जमू लागले.

हे गुरुजींना कोण सांगतं, हा प्रश्न पुढाऱ्याला पडला. मला तो पडण्याचं कारण नव्हतं. चार मैलांवरच्या एका वाडीत किराणा दुकानात सार्वजनिक फोन होता. तिथून दर आठवड्याला एक आवाज यायचा, "बाई, गुरुजींना लावा." नाव त्याने कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पण एकदा जोडताजोडता कानावर पडलंच, "आज बी मलाच तिकडं वळवाय लावलं." म्हणजे तो स्वतःच टँकरवरचा ड्रायव्हर होता. रोजंदारीवरचा. टँकर तीन, ड्रायव्हर तीन, प्रत्येकाची वाट ठरलेली. फोनवर त्याचं एक वाक्य जरी कोणी ऐकलं असतं तरी तिघांतला कोण ते उघड झालं असतं, आणि मग नोकरी जाणं ही सगळ्यांत हलकी शिक्षा ठरली असती. त्या बागेच्या मालकाची माणसं बोलण्यासाठी प्रसिद्ध नव्हती.

एका सोमवारी सकाळी फौजदार एक्स्चेंजमध्ये आले. साध्या कपड्यांत. खुर्ची ओढून म्हणाले, "बाई, सतरा नंबरवर जरा कान ठेवायचाय. दोन-चार दिवस."

"लेखी आदेश आहे का साहेब?"

"येईल की. तुमच्या साहेबांशी बोलणं झालंय."

फोन ऐकायचा तर मुंबईहून मोठ्या साहेबाच्या सहीचा कागद लागतो, एवढं मला प्रशिक्षणात शिकवलं होतं. मी आमच्या वरच्या साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "बाई, सहकार्य करा. कागदाचं मी बघतो." आणि फोन ठेवता ठेवता, "तुमचा मिरजेचा अर्ज माझ्याच टेबलावर आहे, बरं का."

शिकाऊ ऑपरेटरसाठी एक जादा हेडफोन असतो. मी ऐकते ते सगळं त्यात ऐकू येतं. तो मी कपाटातून काढला, पुसला आणि फौजदारांच्या हातात दिला. पुसला का, ते मला आजही कळलेलं नाही. बहुतेक हाताला काहीतरी काम हवं होतं. लेक डोळ्यांपुढे होती, हे कारण खरं आहे, पण कारण आहे म्हणून त्या कृत्याची लाज कमी होत नाही.

पहिल्या दिवशी वाडीचा फोन आला नाही. दुपारी काकूंनी हँडल फिरवलं. इस्लामपूरला मुलीशी बोलायचं होतं. मी जोडून दिलं आणि चावी मागे घेऊ लागले, तर फौजदारांनी बोटाने खूण केली: राहू दे. आवाज बारीक झाला. पलीकडे काकू क्षणभर थांबल्या. मी मनात म्हणत होते, काकू, ठेवा, ठेवा आता.

काकू हसून म्हणाल्या, "बाई आल्या वाटतं. असू दे गं, बाईंपासून काय लपवायचं. बोल तू."

आणि मुलगी बोलली. नवऱ्याचा हात उठायला लागला होता. ती सासर सोडून तिथल्याच एका मैत्रिणीकडे येऊन राहिली होती आणि परत जाणार नव्हती. काकू रडत होत्या, मध्येच "बाई, तुम्ही तरी सांगा हो हिला" म्हणत होत्या. मी तोंड उघडलं नाही. शेजारी फौजदार कानाला हेडफोन लावून शेंगा फोडत होते.

बुधवारी पाण्याच्या नळावर मला ऐकू आलं, गुरुजींची पोर नांदत नाही. एका बाईने सांगितलं, दुसरीने माझ्याकडे बघितलं आणि दोघी गप्प झाल्या. मग मला उमजलं की गाव काय समजलं आहे. टेलिफोनबाईंनी फोडलं. फौजदार सोमवारपासून एक्स्चेंजमध्ये बसलेत हे कोणाला माहीतच नव्हतं. मी हंडा अर्धाच भरून घरी आले आणि दार लावून रडले. सहा वर्षांचं नाव एका दुपारी गेलं होतं, आणि गाव चुकलं होतं असंही मला म्हणता येत नव्हतं. हेडफोन मीच दिला होता.

गुरुवार बाजाराचा. सकाळी दहाच्या सुमाराला वाडीची झडप पडली. फौजदार सरसावून बसले. मी दोरी खुपसली, चावी पुढे केली.

"बाई, गुरुजींना लावा."

आता काय करायचं? एंगेज आहे म्हणावं तर सतरा नंबरचं भोक समोर रिकामं दिसत होतं आणि फौजदारांना तीन दिवसांत बोर्ड कळायला लागला होता. जोडून द्यावं तर आवाज बारीक होईल, आणि तो भला माणूस समजेल की बाईच आहेत. तो थांबणार नव्हता. काकू थांबल्या नव्हत्या. माझ्यावरचा भरवसाच त्याला खड्ड्यात घालणार होता.

माझ्या तोंडून निघालं, "नंबर प्लीज."

"आवं बाई, मी हाय की. गुरुजींना लावा म्हनलं."

"नंबर प्लीज."

"आँ? बाई, बरं न्हाई का तुमास्नी? मी टँ—"

"नंबर सांगितल्याशिवाय कॉल जोडला जात नाही," मी एवढ्या मोठ्याने म्हटलं की फौजदारांनी हेडफोन कानापासून लांब धरला. "नंबर प्लीज."

पलीकडे किराणा दुकानातला तराजू वाजत राहिला. मग वाडीचा आवाज अगदी सावकाश म्हणाला, "राँग नंबर लागला जनू." आणि फोन ठेवला गेला.

ज्या एक्स्चेंजात प्रत्येक फोन माझ्या हाताने जोडला जातो तिथे राँग नंबर लागायचा कसा? तिथल्या इतिहासातला तो पहिला आणि शेवटचा राँग नंबर. मला हसू आलं असतं, पण शेजारी फौजदार उभे राहिले होते.

"तुम्ही त्याला सावध केलंत."

"मी काय केलं साहेब?" टेबलाच्या खणातून मी खात्याचं नियमांचं पुस्तक काढलं आणि पान उघडून पुढे ठेवलं. ऑपरेटरने उत्तर देताना काय म्हणावं, याचं पहिलंच वाक्य तेच. सहा वर्षांत मी ते वाक्य एकदाही म्हटलं नव्हतं हे पुस्तकात कुठे लिहिलेलं नव्हतं.

"टँ म्हणाला तो. टँकर म्हणायचं होतं त्याला."

"तसं कसं सांगावं साहेब? वाक्य कुठे पुरं झालं त्याचं."

ते परत खुर्चीत बसले. उठायची लक्षणं दिसेनात. उद्या बसतील, परवा बसतील. आणि तो माणूस आज समजला म्हणून पुढच्या आठवड्यात समजेलच असं नव्हतं. मग मी एक्स्चेंजची डायरी ओढली. ही आमच्या कामाची रीत: दिवसभरात जे घडेल ते वेळेसकट डायरीत लिहायचं. लाईन तुटली, वीज गेली, बोर्डावर पाल पडली, सगळं. सोमवारपासून मी फौजदारांबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. आता लिहायला घेतलं, आणि लिहितालिहिता मोठ्याने वाचत गेले.

"सोमवार ते गुरुवार. अमुक फौजदार सतरा नंबरची लाईन ऐकण्यासाठी बोर्डावर हजर. वरिष्ठांचा आदेश तोंडी. लेखी आदेश नाही. जादा हेडफोन देण्यात आला."

"हे कशाला लिहिताय?"

"पाल पडली तरी लिहावं लागतं साहेब. इथे सही करा."

"माझी सही?"

"हजर होतात ना. पेन देऊ?"

त्यांनी डायरीकडे पाहिलं. दुसऱ्याच्या घरातलं सगळं चार दिवस ऐकणाऱ्या त्या माणसाला स्वतःबद्दलच्या चार ओळी सहन होईनात. "फाडा ते पान," म्हणाले. मी म्हटलं, पानांना क्रमांक आहेत. ते आणखी काही बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग हेडफोन टेबलावर आपटून निघून गेले. दार सताड उघडं टाकून. त्यांच्या पावलांचा आवाज लांब गेल्यावर मी उठून दार लावलं आणि भिंतीला पाठ टेकून खाली बसले. बोर्डावर तीन झडपा पडल्या होत्या. पडू दिल्या. पाच मिनिटं गावाने कळ काढली.

संध्याकाळी मी गुरुजींच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. हेडफोन पुसून दिला तिथपासून. गुरुजी ऐकत राहिले. म्हणाले, "बाई, तुम्ही आधी सांगायला हवं होतं. पण सांगितलंत." काकू आतून बाहेर आल्या नाहीत. जाताना मी दाराशी थांबले, तर आतून भांड्यांचा आवाज मुद्दाम वाढला. पुढे काकू माझ्याशी बोलू लागल्या, हळदीकुंकवालाही बोलावलं. पण मुलीशी बोलायचं झालं की त्या फोनला हात लावत नसत, एस.टी. धरून इस्लामपूरला जात. प्रत्येक वेळी त्यांना स्टँडवर बघितलं की मी वाट बदलायची. त्याची भरपाई मला करता आलेली नाही.

पण टँकरचा ड्रायव्हर सापडला नाही. हे मला पुढच्या आठवड्यात कळलं. गुरुवारी वाडीची झडप पडली नाही, दिवसभर मी तिच्याकडे बघत होते, जेवण गेलं नाही. आणि शुक्रवारी अंक आला. पहिल्या पानावर टँकर! वार, वेळ, फाटक. म्हणजे तो माणूस आता बाजाराच्या गर्दीत स्वतः येऊन सांगून जात होता. अंक हातात घेऊन मी मोठ्याने हसले, टपालवाल्याला वाटलं माझी बदली झाली. नंतर तालुक्याहून कोणी चौकशीला आलं, टँकर वस्तीवर पोचू लागले, आणि फौजदार परत फिरकले नाहीत. माझ्यावर कारवाई झाली नाही. कशाबद्दल करायची ते कागदावर कोणाला लिहिता येईना. अर्ज मात्र ढिगाच्या तळाशी गेला आणि मिरज दोन वर्षं लांबली. लेकीच्या पहिलीच्या पहिल्या दिवशी मी तिथे नव्हते. त्याबद्दल ती आजही टोमणा मारते. पण गुरुवारी वाडीच्या झडपेकडे बघत बसायचे दिवस संपले होते, आणि त्या हलकेपणापुढे मला दोन वर्षं फार वाटली नाहीत.

पाऊस पडला, टँकर बंद झाले. दिवाळीच्या आधी एक माणूस एक्स्चेंजच्या खिडकीशी आला. उंच, काटक, पायांत लष्करातले जुने बूट.

"बाई, मुंबईला भावाला फोन लावायचाय."

मी मान वर केली. चेहरा कधी पाहिला नव्हता, पण सासष्टांत मिसळत नसलेला तो सदुसष्टावा आवाज मी कुठेही ओळखला असता. त्यानेही ओळखलं की मी ओळखलं. आजूबाजूला दोघं-तिघं बसले होते. तो खिडकीत वाकला.

"सा वर्सांत बाईनं कवा नंबर इचारला न्हाई," हळू आवाजात म्हणाला. "त्या दिशी इचारला, तवा म्हनलं, गड्या, तिथं बाई एकली न्हाई."

मी ट्रंक कॉलचं, म्हणजे परगावच्या फोनचं, तिकीट ओढलं आणि म्हटलं, "नंबर?"

तो मनमोकळा हसला. नंबर दिला. कॉल लागायला पाऊण तास गेला, तोवर तो बाकावर बसून राहिला. लागल्यावर मी त्याला समोरच्या काचेच्या केबिनमध्ये जायला सांगितलं. दार लावण्याआधी तो वळून म्हणाला, "बाई, खुशाल ऐका. आता कायबी चोरून न्हाई."

भाऊ लाईनवर आला एवढं ऐकलं आणि मी चावी मागे घेतली. हेडफोन काढून टेबलावर ठेवला. बिलासाठी तीन मिनिटं मोजायची ती भिंतीवरच्या घड्याळात मोजली. काचेपलीकडे तो हात हलवून काहीतरी सांगत होता, मध्येच मान मागे टाकून हसत होता, मग एकदा बाहीने डोळे पुसले. घरी पोरगं झालं असेल, जमिनीत पाणी लागलं असेल, कायमची नोकरी मिळाली असेल. तो काय बोलला ते मला माहीत नाही.